कापडी डायपरच्या बादलीला परत परत वास येतोय? आधी वास कुठून येतो ते शोधा

कापडी डायपर वापरणाऱ्या घरांत हा प्रॉब्लेम फिरून फिरून येतोच. डायपर धुतले, खडखडीत वाळवले, घड्या करून ठेवले, सगळं छान, आणि दोन दिवसांनी मळक्या डायपरच्या बादलीचं झाकण उघडलं की असा भपकारा येतो की माणूस मान फिरवतो. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं बादली बदल, कोणी म्हणतं पावडर बदल, कोणी सुगंधी लिक्विड ओतायला सांगतं, आणि एखादा असतोच जो म्हणतो सोड ना ते कापडी, विकतचे वापर. आपण वैतागून सगळं एकदमच करून बघतो, चार दिवस बरं वाटतं, परत तेच. आणि सगळं एकदम केल्यामुळे फरक नक्की कशाने पडला होता तेही कळत नाही.

म्हणून सांगते, आधी काहीच विकत आणू नका. वास नक्की कुठे तयार होतोय ते शोधा. कारण निम्म्या वेळा दोष बादलीचा नसतोच, धुण्याचा असतो, आणि आपण घासत बसतो बादली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

शोधायचं कसं? धुतलेला आणि पूर्ण वाळलेला एक पॅड घ्या, म्हणजे बाहेरच्या कव्हरच्या आत शू शोषून घेणारं जे जाड कापड असतं ते, रात्री वापरता तो जाड असेल तर उत्तम. नाकाशी धरून वास घ्या. मग त्यावर कपभर कोमट पाणी ओता, तळहाताने दाबून पाणी आतपर्यंत जाऊ द्या, दोन-तीन मिनिटं थांबा आणि परत वास घ्या. ओला करूनही काहीच वास येत नसेल तर तुमचं धुणं व्यवस्थित आहे आणि भानगड साठवण्यात आहे. कोरडा असताना काही नाही पण पाणी लागल्याबरोबर उग्र वास उठला, तर तो पॅड आतून स्वच्छ झालेलाच नाही, तो बादलीत जाण्याआधीच अर्धा खराब आहे, आणि अशा वेळी बादली सोन्याची आणली तरी उपयोग नाही. आणि कोरडा असतानाच कुबट वास येत असेल तर वाळताना ओल राहतेय, म्हणजे तिसरंच प्रकरण.

आता साठवण्याचं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

ताज्या शूला तसा फार वास नसतो. तिच्यात युरिया असतो, आणि कापडावरचे, त्वचेवरचे आणि मुख्य म्हणजे शीमधले काही बॅक्टेरिया त्या युरियाचा अमोनिया करतात. डोळ्यांत चुरचुरणारा, नाकात झिणझिण्या आणणारा जो वास असतो ना तो हाच. हे व्हायला लागतं काय तर ओल, ऊब आणि वेळ. आणि आपण काय करतो, ओला डायपर गच्च गुंडाळतो, बादलीत टाकतो, त्यावर अजून चार टाकतो, वरून झाकण दाबून बसवतो आणि दोन दिवस विसरून जातो. म्हणजे तिन्ही गोष्टींची सोय आपणच करून दिली.

झाकणाबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. घट्ट झाकण वास थांबवत नाही, फक्त साठवून ठेवतं. कधी घट्ट झाकणाची बादली दीड-दोन दिवसांनी उघडून झाकण उलटं करून बघा, आतल्या बाजूला घाम आल्यासारखे थेंब जमलेले असतात, आणि सगळ्यात वरचा डायपर, जो टाकताना जेमतेम दमट होता, तोही आता ओलाकच्च असतो. ती वाफ बाहेर जाऊ शकली नाही म्हणून परत कपड्यांवर बसली. ओला टॉवेल घडी करून कपाटात कोंबला तर काय होतं, तेच इथे होतं, फक्त इथे टॉवेलऐवजी शू आहे. शिवाय हवा मिळाली नाही की वेगळ्या प्रकारचे बॅक्टेरिया जोर धरतात आणि अमोनियासोबत तो सडका वासही येतो, तो तर अजूनच चिवट.

त्यामुळे झाकण काढून टाका, किंवा नुसतं तिरकं ठेवा. भोकं असलेली मळक्या कपड्यांची बास्केट असेल तर अजून चांगलं, आत एक धुता येण्याजोगी कापडी पिशवी लावायची आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवायचं. हे सांगितलं की लोक दचकतात, अगं म्हणजे घरभर वास सुटेल! नाही सुटत. म्हणजे दोन अटी पाळल्या तर नाही सुटत: शी आत जाता कामा नये, आणि रात्रीचे डायपर न विसळता आत जाता कामा नयेत. या दोन अटी पाळल्या तर उघड्या बास्केटजवळ उभं राहिलं तरी फारसं काही कळत नाही, अगदी आत डोकं घातलं तर कळेल. आत डोकं कशाला घालायचं.

रात्रीच्या डायपरवर जरा जास्त बोलते कारण बहुतेक घरांत चोर तिथेच सापडतो. दिवसा दोन-तीन तासांनी बदललेला डायपर आणि रात्री दहा-अकरा तास अंगावर राहिलेला डायपर यात फक्त शूचा फरक नसतो, वेळेचाही असतो. रात्रीचा डायपर सकाळी काढता तेव्हा त्यात अमोनिया व्हायला आधीच सुरुवात झालेली असते, बाळाच्या अंगाच्या उबेत. तो तसाच बादलीत टाकला की तळाशी बसून तो बाकीच्यांनाही नासवतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या, चहा वगैरे नंतर, आधी तो डायपर नळाखाली. पॅड कव्हरमधून बाहेर काढा, दोन पॅड एकावर एक असतील तर वेगळे करा, आणि थंड पाण्याच्या धारेखाली धरून दाबत राहा. पहिलं पाणी पिवळट आणि जरा फेसाळ येतं, ते अपेक्षित आहे, आणि वरवर पाणी नितळ दिसलं म्हणून थांबू नका, पॅड दुमडून मधल्या भागावर जोरात दाबा, तिथून परत पिवळं पाणी सुटतं. बांबू किंवा हेम्पचे, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याचे, जाड पॅड असतील तर हे तीन-चारदा करावं लागतं, कारण ते पाणी सावकाश सोडतात. मधून येणारं पाणी पण नितळ झालं की घट्ट पिळा.

आणि पिळून झाल्यावर तो लगेच बादलीत कोंबू नका, बाथरूममध्ये दांडीवर किंवा बादलीच्या काठावरच पसरून टाका. वाळला तर उत्तम, अर्धवट वाळला तरी चालेल. कोरड्या कापडावर बॅक्टेरियांचं फार काही चालत नाही. हीच युक्ती तेव्हाही कामाला येते जेव्हा काही कारणाने धुणं लांबतं, पाणी नाहीये, मशीन बिघडलंय, घरात कोणी आजारी आहे. विसळा, पिळा, वाळवा आणि मग कोरडेच ठेवा. विसळून वाळवलेले डायपर एखादा दिवस जास्त थांबले तरी आकाश कोसळत नाही. ओले मात्र दोन दिवस, फार फार तर तीन, त्याच्यापुढे नाही. हवा दमट आणि गरम असेल तर दुसऱ्याच दिवशी धुवा.

आता शी. बाळ फक्त अंगावरचं दूध पीत असेल तर ती शी पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे ती काढली नाही तरी मशीनमध्ये निघून जाते, असं सगळीकडे सांगतात आणि ते खरंही आहे. पण धुण्याच्या बाबतीत खरं आहे, साठवण्याच्या बाबतीत नाही. शीमध्येच बॅक्टेरियांचा मोठा साठा असतो, ती शूने भिजलेल्या डायपरांसोबत दोन दिवस ठेवली की अमोनिया फार लवकर बनतो. म्हणून अंगावरच्या दुधाची असली तरी पटकन एकदा नळाखाली धरून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पावडरचं दूध असेल किंवा वरचं खाणं सुरू झालं असेल तर मग प्रश्नच नाही, शी कमोडमध्ये झटकायची, उरलेली जेट स्प्रेने किंवा जुन्या ब्रशने काढायची, आणि मगच डायपर साठवायचा.

इथे एक जागा हमखास राहून जाते. मांडीच्या इलॅस्टिकची चुणी. वरून कापड स्वच्छ दिसतं पण चुणी बोटांनी ताणली की आत बारीक पिवळी रेघ अडकलेली असते. ती जागा अंगठ्याने ताणून तिथेच पाण्याची धार सोडा. पॉकेटवाले डायपर असतील, म्हणजे ज्यांत पॅड खिशासारख्या कप्प्यात सरकवतात, तर पॅड आतून काढूनच साठवा, आत ठेवला तर मशीनमध्येही तो नीट बाहेर येत नाही आणि दोन्हीमधली ओल तशीच राहते. वेल्क्रो असेल तर पट्टी तिच्या जागी बंद करून टाका, नाहीतर धुताना सगळ्या डायपरांची एक माळ तयार होते.

कमोडमध्ये टाकता येतात असं पाकिटावर लिहिलेले पातळ लायनर मिळतात, डायपरमध्ये घालायचे आणि शीसकट उचलायचे. कल्पना चांगली आहे, शी काढायचं काम अर्ध्यावर येतं. पण ते कमोडमध्ये टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे. टॉयलेट पेपरसारखे ते पाण्यात विरत नाहीत आणि पाइप तुंबला की प्लंबरला समजावून सांगताना फार लाज वाटते. शी कमोडमध्ये, लायनर कचऱ्यात.

पाण्यात भिजत ठेवण्याबद्दल

बऱ्याच घरांत अजूनही मोठी माणसं सांगतात, बादलीत पाणी भर आणि त्यात बुडवून ठेव, डाग पडत नाहीत. डाग कमी पडतात हे मान्य. पण तरी मी नाहीच म्हणेन, आणि पहिलं कारण वासाचं नाहीच आहे. रांगणारं किंवा नुकतं उभं राहायला लागलेलं मूल बादलीच्या काठाला धरून आत वाकतं, त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, तोल गेला की सरळ होता येत नाही, आणि लहान मूल बुडायला जेमतेम दोन इंच पाणी पुरतं, आवाजसुद्धा होत नाही. बाथरूमचं दार बंद असतं वगैरे म्हणून चालत नाही, दार एकदा तरी उघडं राहतंच.

बाकीची कारणं मग आहेतच. साठलेल्या पाण्यात बॅक्टेरिया मजेत वाढतात आणि शी एका डायपरवरची सगळ्यांवर पसरते. दिवस दिवस पाण्यात राहून इलॅस्टिक सैल पडतं, आणि डायपरच्या बाहेरचं जे वॉटरप्रूफ कापड असतं, पॉलियुरेथेनचा थर चिकटवलेलं, ज्याला पीयूएल म्हणतात, त्याचा थर सुटायला लागतो. आणि ती जड बादली उचलून ओतायची कोणी, बाळंतपणातून उठलेल्या बाईने? साध्या सुती कापडाचे लंगोट किंवा दुपटी असतील, ज्यांना इलॅस्टिक नाही की प्लास्टिकचा थर नाही, तर धुण्याआधी तास-दोन तास भिजवायला हरकत नाही, पण तेवढ्यापुरतं, तुम्ही तिथे असताना, आणि लगेच पाणी ओतून द्यायचं. साठवायची पद्धत म्हणून नको.

वेट बॅग वापरत असाल तर

वेट बॅग म्हणजे तीच पीयूएलची चेनवाली पिशवी. प्रवासात तिला तोड नाही. घरात मात्र लोक ती चेन शेवटपर्यंत ओढून लावतात आणि मग म्हणतात बॅगेला वास येतो. घरात चेन अर्धी उघडी ठेवा. हुकला अडकवा म्हणजे खालूनही हवा लागते. गच्च भरू नका, कारण ओल्या डायपरांचा भार शिवणीवर आला की शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि लोकांना वाटतं बॅग फाटली. बॅग प्रत्येक वेळी डायपरांसोबतच धुवायची, उलटी करून, आतली बाजू बाहेर. आणि बॅगा दोन हव्यातच, एक धुण्यात असताना दुसरी वापरात, नाहीतर ओलसर बॅगेतच परत नवे डायपर जातात आणि मग वास जाणार कसा.

प्लास्टिकची बादली असेल तर ती पण धुवावी लागते, हे सांगायला नको पण सांगते. प्लास्टिकवर आतून ओरखडे पडतात, त्यात वास धरून राहतो. दर वेळी बादली रिकामी झाली की गरम पाणी आणि साबणाने घासा आणि उलटी न ठेवता आडवी ठेवून पूर्ण वाळू द्या. शक्य झालं तर उन्हात. वर्षभर घासूनही कोरड्या बादलीला वास येत असेल तर तिला निवृत्त करा.

आता त्या वास मारणाऱ्या वस्तू. खाण्याचा सोडा सगळे सांगतात, बादलीच्या तळाशी मूठभर टाका म्हणून. आंबट, आम्ल प्रकारच्या वासांवर तो चालतो. पण अमोनिया आम्ल नाही, तो अल्कली आहे, आणि खाण्याचा सोडाही किंचित अल्कलीच, मग तो अमोनियाचं काय वाकडं करणार? त्यामुळे शूच्या उग्र वासावर सोड्याचा फार फरक पडत नाही, आणि जो पडल्यासारखा वाटतो तो बहुधा सोडा टाकताना बादली धुतली म्हणून पडलेला असतो. सुगंधी तेलाचे थेंब टाकून ठेवू नका, मूळ वास जात नाही, दोन्ही मिळून तिसराच काहीतरी तयार होतो, आणि त्यातली बरीच तेलं बाळाच्या त्वचेला झोंबतात. व्हिनेगरने अमोनियाचा वास उतरतो हे खरं, तो आम्ल आहे ना, पण रोज रोज वापरला तर इलॅस्टिकला चांगला नाही, आणि त्यात अजून एक मोठा धोका आहे तो पुढे सांगते.

काळे ठिपके दिसले तर

पॅडवर किंवा बॅगेच्या आतल्या बाजूला बारीक काळे-करडे ठिपके, धुऊनही जात नाहीत, कुबट वास येतो. ही बुरशी. ही बहुतेक विसरलेल्या डायपरांवर येते, म्हणजे प्रवासातून आल्यावर बॅगेच्या तळाशी राहिलेला एखादा, किंवा पूर्ण वाळायच्या आत घडी करून ठेवलेले. जाड पॅड वरून वाळल्यासारखे लागतात पण मधे दमट असतात, मधोमध दुमडून दोन बोटांत दाबून बघा, गार लागलं तर अजून वाळलेला नाही.

बुरशीवर उपाय म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थंड पाण्यात घालून अर्धा तास, मग भरपूर पाण्यात धुणं. ऊन आणि गरम पाण्याने बुरशीचा वास कमी होतो, पण ती पूर्ण जाईलच असं नाही. पण, आणि हे नीट वाचा, ब्लीच कधीही न धुतलेल्या, शूने भिजलेल्या डायपरांवर ओतायचं नाही. शूमधला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात, खोकला, छातीत जळजळ, श्वास घ्यायला त्रास. बंद बाथरूममध्ये तर फारच वाईट. आणि ब्लीचसोबत व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल आलं की क्लोरीन वायू सुटतो, तोही तितकाच घातक. म्हणून आधी डायपर साबणाने नेहमीसारखे धुवायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे, मग ब्लीच, खिडकी उघडी ठेवून, आणि त्या दिवशी व्हिनेगरच्या बाटलीला हात लावायचा नाही. मळक्या डायपरांच्या बादलीत वास जावा म्हणून आधीच ब्लीच घालून ठेवणारी माणसं आहेत, त्यांनी कृपया हे आजपासून बंद करावं.

ठिपके खूप पसरले असतील आणि कापड विरलं असेल तर तो पॅड फेकून द्या, एवढा जीव लावायची गरज नाही. पिवळे डाग ही वेगळी गोष्ट, ते घाण नसतात, नुसता रंग असतो, ओलं असतानाच उन्हात टाकले की दोन-तीन उन्हांत फिके पडतात. कव्हरं मात्र कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नका.

माश्या, मुंग्या

उघडी बादली म्हटलं की हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. माश्यांना शी हवी असते, शू नाही. शी साफ करून टाकली तर निम्म्याहून जास्त त्रास संपतो. तरी माश्या असतील त्या दिवसांत बादलीच्या तोंडावर जाळीचं किंवा पातळ सुती कापड बांधा, हवा जाते, माशी जात नाही. माशीची अंडी गरम हवेत एका दिवसात फुटतात, त्यामुळे शीचा डायपर दोन दिवस उघड्यावर राहिला आणि त्यात बारीक पांढरं काहीतरी वळवळताना दिसलं तर घाबरू नका, शी काढून टाका, गरम साबणाच्या पाण्यात लगेच धुवा, अळ्या जातात. फक्त तो धुण्याचा दिवस पुढे ढकलायचा नसतो. घरात कुत्रा असेल तर बादली उंचावर, का ते विचारू नका.

चाचणीत धुणं नापास झालं असेल तर

म्हणजे कोमट पाणी टाकल्यावर वास उठला, तर बादली विसरा आणि धुण्याकडे बघा. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पावडर कमी पडतेय. कापडी डायपरला अगदी चिमूटभर पावडर टाका, नाहीतर शोषण कमी होतं, असा एक समज पसरलेला आहे आणि त्याने बऱ्याच जणांचे डायपर वासाचे झालेत. हे घरातले सगळ्यात मळके कपडे आहेत, त्यांना सगळ्यात कमी साबण कसा पुरेल? आधी थंड पाण्यात एक फेरी थोड्या पावडरसकट, ते पाणी जाऊ द्या, मग पूर्ण मापाची पावडर घालून मोठी फेरी, पॅडना चालत असेल तर 60 अंशांवर. पहिली फेरी थंडच, गरम पाणी आधी लागलं तर शीचे डाग पक्के बसतात. ड्रम साधारण दोन तृतीयांश भरलेला हवा, चार डायपर एकटे फिरत असतील तर ते एकमेकांवर घासलेच जात नाहीत, आणि ठासून भरला तर पाणीच आत जात नाही.

हाताने धुत असाल तर तोच क्रम, थंड पाण्यात खळबळून काढा, मग गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास, मग चोळणं-आपटणं, आणि पाणी नितळ येईपर्यंत विसळणं.

पाण्यात क्षार जास्त असतील, म्हणजे नळांवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तर साबणाची ताकद त्या क्षारांशी भांडण्यातच जाते. पावडर जरा वाढवा आणि सोबत धुण्याचा सोडा घाला. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र अजिबात नको, तो धाग्यांवर थर चढवतो, शोषण जातं आणि घाण आत अडकते. रॅशची मलमं पण हेच करतात, मलम लावलेलं असेल तेव्हा मधे लायनर किंवा जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा घाला. मायक्रोफायबरचे पॅड वास जास्त धरतात, त्याला तुमचा इलाज नाही, रात्रीसाठी ते वापरत असाल तर सुती किंवा हेम्पचे करून बघा.

अजून एक हिशोब, जो सुरुवातीला कोणी सांगत नाही. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा डायपर लागतात. दिवसाआड धुवायचं तर वापरात चोवीस, आणि वाळत असलेले वेगळे. तुमच्याकडे पंधराच असतील तर रोज धुवावं लागेल, आणि चाळीस असतील तर मोह होतो की चार दिवस थांबू, भरपूर आहेत की. वास बहुधा या जास्त डायपर असलेल्या घरांत जास्त येतो. डायपर उरलेले आहेत म्हणून धुणं लांबवायचं नाही.

डायपर हाताळल्यावर हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका, विशेषतः बाळाला रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस नुकतीच दिली असेल तर, लसीतला विषाणू काही दिवस शीतून बाहेर पडत असतो.

वासासोबत बाळाची त्वचा शू झाल्या झाल्या लाल होत असेल तर पॅडमध्ये अमोनिया साठलाय असं समजा, धुणं सुधारा आणि तोपर्यंत डायपर लवकर लवकर बदला. लाल चट्टे आणि त्यांच्या भोवती बारीक लाल पुळ्या असतील, दोन-तीन दिवसांत उतरत नसतील, तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरांना दाखवा, इकडचं तिकडचं मलम लावत बसू नका.

प्रवासात आणि पाळणाघरात बॅगेची चेन बंदच ठेवावी लागते, तिथे हवेचं तत्त्वज्ञान चालत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ती बॅग ठेवू नका, तासाभरात जो वास तयार होतो तो घरी दोन दिवसांत होत नाही. पाळणाघरातल्या ताईंना शी काढायला सांगणं जमत नसेल तर लायनर घालून द्या, निदान तेवढा भाग त्या उचलून टाकतील. घरी आल्यावर मात्र पर्स, डबा, चप्पल सगळ्याच्या आधी बॅग रिकामी करायची, शीचे डायपर नळाखाली, बाकीचे बास्केटमध्ये, आणि बॅग उलटी करून टांगायची. जिचा आतला थर सालपटासारखा सुटायला लागलाय ती बॅग कितीही धुतली तरी त्या सालींच्या खाली ओल धरून राहते. तिच्यात आता बागेतली हत्यारं ठेवा, मळके डायपर नकोत.